लोणच्याच्या तेलाचा दिवा

आमची लेक दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की तिला दोनच कामं असतात, झोपणं आणि मला सुधारणं. यंदा पाडव्याच्या दुपारी ती झोपून उठली, केस वर बांधले आणि फोन टीव्हीला जोडत म्हणाली, "आई, ते सोड आणि इकडं ये. तुमच्या भाऊबीजेच्या गोष्टीवर मालिका आलीय. होस्टेलवर सगळ्या तीच बघतायत."

मी चकल्यांचा सोऱ्या घासून विसळत होते. तो तसाच मोरीत टाकून ओल्या हातांनी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, गोष्ट आलीय. भाऊ नाही आला."

तो थट्टेनं बोलला, मीही हसले. माझा भाऊ भाऊबीजेला येत नाही ही गोष्ट आमच्या घरात अशीच, हसून पुढं ढकलायची सवय झाली आहे. माय गेली त्या वर्षापासून तो आलेला नाही. तो माझ्यापेक्षा धाकटा, गुजरातेत फरशीच्या कारखान्यात कामाला आहे. दर दिवाळीला फोनवर एकच वाक्य: "सुट्टी न्हाई, अक्का." मग मागाहून कुरिअरनं साडी येते. त्याचा रंग निवडण्यात हातखंडा आहे, मला शोभणार नाही नेमका तोच रंग त्याला सापडतो. मी ती साडी शाळेत नेसून जाते आणि कुणी विचारलं तर भावानं घेतली म्हणून सांगते.

आधी ती गोष्ट सांगते, म्हणजे मला टीव्हीपुढं काय झालं ते कळेल.

माझं माहेर राजूरजवळचं. आमच्या गावात भाऊबीजेला ओवाळायच्या आधी ही गोष्ट सांगायची पद्धत होती. छापलेली मी कुठं पाहिली नाही, प्रत्येक घरी थोडी वेगळी असायची. मायची अशी होती. एक बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तिचा भाऊ घरून निघतो. "भाऊ लई चांगला," माय सांगायची, "पन त्याला सरळ वाटंनं चालताच येत न्हाई." कुणाची गाडी चिखलात रुतलेली दिसली, हा खांदा लावायला जातो. कुणा म्हातारीची शेळी हरवलेली, हा काट्याकुट्यातून शेळी शोधत फिरतो. एका ठिकाणी तर दोन अनोळखी माणसांचं भांडण सोडवायला बसतो आणि ते दोघं समेट करून निघून जातात, हा मात्र तिथंच बसलेला. असा दिवस मावळतो.

इकडं बहिणीनं दुपारपासून दारात दिवा लावून ठेवलेला असतो. सासू म्हणते, दिवा आत घे, दार लाव, आता कोण येतंय. बहीण ऐकत नाही. मग दिव्यातलं तेल संपतं. तेलाच्या घागरीची किल्ली सासूच्या कमरेला. त्या घरात बहिणीचं स्वतःचं म्हणावं असं एकच काही असतं, माहेरून आलेली लोणच्याची बरणी. ती बरणी तिरकी करते आणि लोणच्यावर तरंगणारं तेल दिव्यात ओतते. मोहरी, मेथी, हिंग, सगळं त्या तेलात. दिवा तडतडतो आणि असा वास सुटतो की गावातली कुत्रीसुद्धा शिंकायला लागतात. इथं आम्ही दोघं दर वर्षी हसायचो.

त्या वेळी भाऊ नदीच्या अल्याड काळोखात उभा असतो. झाडीमुळं त्याला दिवा दिसत नाही. दार लागलं असेल, आता काय तोंड घेऊन जायचं, असं म्हणून तो मागं फिरणार, तेवढ्यात वारा फिरतो आणि वास येतो. हे तर आपल्या मायच्या हातचं लोणचं. तो नाकाच्या धोरणानं नदी उतरतो, बांध चढतो, दारात येतो. उशीर का झाला ते सांगायला तोंड उघडतो, तर बहीण म्हणते, "भूक लागली आसंन. हात धू."

गोष्ट संपली. ओवाळलं, सुखी झाले, असलं पुढं काही नाही. मायचं म्हणणं, पोरगं उपाशी आलंय, आता गोष्ट कशाला लांबवायची.

ही गोष्ट सांगायचा एक कायदा होता. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. दर वाक्याला "हूं". हुंकारा थांबला की सांगणारा थांबणार. इतर गोष्टींना कुणीही हुंकारा दिला तरी चालायचं, या गोष्टीला मात्र तो पाटावर बसलेल्या भावानंच द्यायचा. आणि नदीपाशी आल्यावर माय मुद्दाम थांबायची. मग माझ्या भावानं विचारायचं, "मंग? आला का न्हाई?"

"तू सांग," माय म्हणायची.

"आला."

भावानं स्वतःच्या तोंडानं आला म्हटल्याशिवाय गोष्टीतल्या भावाला नदी उतरता येत नसे. एका वर्षी ह्या गड्यानं खोडी काढली. करंज्यांच्या ताटाकडं बघत हसत बसला, आला म्हणेचना. माय मांडीवर हात ठेवून गप्प. वडील रानातून भुकेले आले, त्यांनी एकदा बायकोकडं, एकदा मुलाकडं पाहिलं आणि तेही भिंतीला टेकून बसले. कणकेचा दिवा विझायला आला तेव्हा माझाच धीर सुटला. मी पाटाचा पाय ओढला, तो मोडला, भाऊ जमिनीवर आपटला आणि ओरडला, "आला, आला." तो पाट अजून आमच्या इथल्या, अंबडच्या घरात आहे. त्याच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकलेला आहे.

तर कायदा असा असल्यामुळं भाऊ यायचा थांबला आणि गोष्टही थांबली. लेक लहान असताना आजीच्या मांडीवर ऐकायची, पण नदी यायच्या आधीच झोपलेली असायची. नंतर मी ती सांगायला बसले असते तर हुंकारा कुणी द्यायचा? मला जमलंच नाही.

आणि आता ती टीव्हीवर आली होती. आमच्या भागातलं कुणीतरी त्या धंद्यात पोचलं असणार. मी साडीला हात पुसले आणि पुढं सरकून बसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. वाटलं, माय नाही, पण बरणी तर दिसेल, तो वेंधळा भाऊ तर दिसेल.

पडद्यावर पहिल्यापासून सगळं मातकट. दिवाळी म्हणायची आणि उजेड कुठंच नाही. पाऊस, चिखल, चिखलातून चालणारे जाड बूट. आमच्याकडं दिवाळीत कापूस वेचणी चाललेली असते, पायाला लागते ती धूळ. नवरा म्हणाला, "आपल्या तालुक्यात एवढा पाऊस कधी पडला?" लेकीनं त्याला गप्प केलं. भाऊ होता, पण त्यानं वाटेत कुणाची गाडी ओढली नाही की शेळी शोधली नाही. तो जुन्या वैरातून एकाचा खून करून पळत होता. सासू होती, तिच्या हातात विळा होता. बहीण फार देखणी होती आणि बोलत मात्र कुणाशीच नव्हती. शिव्या भरपूर होत्या, त्या तेवढ्या अगदी आमच्याकडच्या.

एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. लेक मध्येच चहा टाकायला गेली, नवरा दुकानातल्या पोराच्या फोनसाठी बाहेर गेला, मी पदरानं डोळ्यातलं कुसळ काढत होते. तरी मालिका आपली चालूच. आमच्यातलं कुणी ऐकतंय की नाही, तिला काही देणंघेणं नव्हतं.

शेवटच्या भागात भाऊ जखमी होऊन, सरपटत बहिणीच्या दारापर्यंत येतो. दार वाजवतो. बहीण फटीतून बघते, त्याला ओळखते. मग फुंकर मारून दिवा विझवते आणि आतून कडी लावते. सकाळी तो उंबऱ्यावर पडलेला. पडदा काळा झाला आणि नावं यायला लागली.

"किती खरं वाटतं ना?" लेक म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं.

"लोणचं कुठंय?" मी विचारलं.

"कसलं लोणचं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला गोष्टच माहीत नाही. हिच्या लेखी भाऊबीजेची गोष्ट म्हणजे हीच, कडी लावण्याची. मी उठले आणि सोऱ्या परत घासायला घेतला, घासलेलाच.

मला काळोखाचं वावडं नाही. मायच्या गोष्टीतही काळोख होता. नदीचं सांगताना ती आवाज असा खाली न्यायची की मी पाय पोटाशी घ्यायची. सासूही काही प्रेमळ नव्हती. पण ह्या लोकांनी काळोख सगळा ठेवला आणि बरणी तेवढी फोडून टाकली. त्याचा राग आला. आणि रागापेक्षा जास्त ती कडी मनाला लागली, कारण उशिरा आलेला भाऊ मी एकदा पाहिला आहे.

माय वैशाखात गेली. लोणचं घालून, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखलं म्हणाली आणि दुपारच्या आत संपलंच. भाऊ ऐकल्याबरोबर निघाला. वाटेत त्याची गाडी बंद पडली. मला सारखा फोन करत होता, "अक्का, थांबव त्यांना. मी निंघालोय." उन्हाचे दिवस. भावकीतली जाणती माणसं म्हणाली, आता ठेवता येत नाही, दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे. मी तिरडीपुढं आडवी उभी राहिले. त्यांनी माझ्यासाठी ऊन लिंबाच्या शेंड्यावर जाईपर्यंत वाट पाहिली, मग उचलली. वडील आधीच गेलेले, अग्नी चुलतभावानं दिला.

तो आला तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी न येता सरळ मसणवटीकडं गेला. सरण बसलं होतं. खांद्यावरची पिशवी न उतरवता तो तिथं उभा राहिला. कुणी त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान भांडण झालं असतं आणि भांडण मिटतं तरी. तेराव्याचं जेवण झालं आणि तो गेला, तो गेलाच.

मला त्याची इतकी आठवण येते की कधी कधी शाळेत हजेरी घेताना एखादा पोरगा नुसता "हूं" म्हणतो आणि मी त्याला दटावायचं विसरते. मायची आठवण येते ती सरळ येते, रडू येतं, संपतं. भावाची आठवण तशी नाही. तो आहे, जेवतो, खातो, फोन उचलतो आणि तरी येत नाही. ह्या आठवणीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाऊ येणार नसला की चंद्राला ओवाळायचं. बिजेचा चंद्र नखाएवढा आणि घाईचा, दिवस मावळल्यावर थोडा वेळ दिसतो आणि आमच्या गच्चीवरून तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागं लवकरच जातो. मी ताट घेऊन वर गेले, लेक मागून आली. चंद्राला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ताट खाली ठेवतेय तोच फोन वाजला.

"ओवाळलं का, अक्का?"

"ओवाळलं. तुझ्यापेक्षा बरा दिसतो, वेळेवर येतो."

तो हसला नाही. मागं ट्रकचे आवाज येत होते. मग म्हणाला, "मायची गोष्ट पाह्यली मी. आमच्या खोलीवर सगळेच पाहून राह्यले."

"मग?"

"बराबर दाखवलंय त्यांनी. उशीर झाल्यावर दार कोन उघडं ठिवतं?"

माझं डोकंच फिरलं. "काय बराबर?" मी म्हणाले. "काय बराबर दाखवलं? लोणचं कुठं गेलं? शेळी कुठं गेली? मायनं तुला असं सांगितल्तं? नीट बस आन् ऐक."

आणि मी सांगायला लागले, गच्चीवर उभ्या उभ्या, मायच्या बोलीत, जी एरवी अंबडला माझ्या तोंडून निघत नाही. भाऊ लई चांगला, पन त्याला सरळ वाटंनं चालताच येत न्हाई. एवढं म्हणून थांबले. पलीकडं काही नाही. मी थांबूनच राहिले. मायची लेक आहे, मलाही थांबता येतं. लेक माझ्याकडं टकामका बघत होती.

"हूं," तो म्हणाला.

मग मला थांबता येईना. गाडी निघाली, शेळी सापडली, भांडण मिटलं. हूं. हूं. सासूनं दार लाव म्हटलं, तेल संपलं, बरणी तिरकी झाली. कुत्री शिंकली तिथं लेक खुदकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. भाऊ नदीपाशी आला. दिवा दिसत न्हाई. आता काय तोंड घिऊन जावं, म्हनून मागं फिरून राह्यला.

इथं मी थांबले. ह्या वेळी मुद्दाम नाही. चंद्र टाकीमागं गेला. फोनमध्ये नुसते ट्रक. त्यानं "आला का न्हाई" विचारायचं होतं, ते त्यानं विचारलं नाही. मलाच म्हणावं लागलं, "तू सांग."

लेकीनं ताटातल्या दिव्याला हाताचा आडोसा केला.

"आला," तो म्हणाला. "पन लई उशिरा आला, अक्का."

"ते मला ठावं हाय," मी म्हणाले आणि त्याला नदी उतरवून, बांध चढवून दारात आणलं. शेवटचं वाक्य सांगायच्या आतच तो "ठेवतो" म्हणाला आणि फोन बंद झाला. येतो म्हणाला नाही. ये म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तेही राहिलं.

खाली आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून मायची बरणी काढली. त्या वैशाखात घातलेली. फोडी कधीच संपल्या, पण तळाला थोडा खार आणि त्यावर करडीचं तेल मी राखून ठेवलं होतं. तिला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. नवरा तिला आमचं देवघर म्हणतो. मी चमचाभर तेल पणतीत घातलं, वात लावली आणि पणती दारात ठेवली. पाटही पुढच्या खोलीत मांडला.

"आई, भाऊबीज झाली आता," लेक म्हणाली.

"तुळशीच्या लग्नापर्यंत चालते," मी म्हणाले. आमच्याकडं चालतेच. जिचा भाऊ लांब, तिला तेवढी सवड असते.

रोज संध्याकाळी एक चमचा. पहिल्याच दिवशी शेजारीण डोकावली, "फोडणी लागली का हो ताई?" नवरा दुकानातून आला की दारातच नाक दाबायचा आणि मांडलेल्या पाटाला ठेचकाळायचा. कुणी काढ म्हणालं नाही. मी भावाला फोन केला नाही. केला असता तर तो म्हणाला असता सुट्टी न्हाई आणि मग मला दिवा कशासाठी लावायचा तेच राहिलं नसतं. भीती एकच होती, तेल दिवसांना पुरेल की नाही.

पुरलं नाही. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी बरणी पालथी केली तर थेंब पडेना. मी पदर खोचून तशीच बसले. गल्लीत ऊस विकणारे ओरडत होते, घराघरांतून मंगलाष्टकांची तयारी. लेकीनं माझ्या हातातून बरणी घेतली. तिनं आत साधं तेल ओतलं, तळाचा वाळलेला खार चमच्यानं खरवडला, सगळं हलवलं आणि ते पणतीत घातलं. दिवा तडतडला. तिला दोन शिंका आल्या.

मी आत तुळशीचं ताट काढत होते. फाटकाची कडी वाजली, पण आत कुणी आलं नाही. मी बाहेर आले. उजेड जेमतेम होता. फाटकाबाहेर एक माणूस उभा, कानाजवळ केस पिकलेले, खांद्याला पिशवी. तो आत पाऊल टाकत नव्हता. मान वर करून, लहानपणी करायचा तसा, हवेत वास घेत होता.

"अक्का," तो म्हणाला, "हे काय जळून राह्यलंय?"

इतक्या वर्षांत मी त्याला सांगायची कितीतरी वाक्यं मनात रचून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यानं उशिराचं काही सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी फाटक उघडलं.

"भूक लागली आसंन," मी म्हणाले. "हात धू."